बाईंची दहा मिनिटं

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं जाडजूड पत्र मिळालं. पोस्टमन विचारत होता, आत पुस्तक आहे का. मी म्हटलं, भाऊ मेंदूवर संशोधन करतो, त्याला थोडक्यात सांगता येत नाही. पण हे पत्रांचंच बरं आहे. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि कुणीच ऐकत नाही. शिवाय आई मधे पडते, आणि तू जेवलास का नाही यातच फोन संपतो.

तर साहेब, तुमचा प्रयोग सुरू केलाय. इतकी वर्षं पोरांच्या डोक्यात भरत आले, पण भरण्यापेक्षा डोक्यातून काढायला लावलं की जास्त टिकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळचा पहिला तास, सहावीचा वर्ग, एकोणतीस मुलं. प्रयोगशाळेतच बसतात. पुस्तकं दप्तरात, कोरी वही बाकावर, आणि काल काय शिकलो ते दहा मिनिटं नुसतं आठवून लिहायचं. पहिल्या दिवशी माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी त्यांचा डबाच काढून घेतला! एका पठ्ठ्याने काल गुरुवार होता एवढंच लिहिलं. तेही चूक, बुधवार होता.

अडचण एकच होती. मधेच कुणीतरी टपकायचं. उशिरा आलेली पोरं, सूचनांची वही घेऊन शिपाई, खडू मागायला शेजारच्या बाई. तू लिहिलंस ना, लक्ष मोडलं की आठवणारं अर्ध्यात सुटतं, दार लावून घे. म्हणून मी आता व्हरांड्याच्या दाराला वरची कडी लावते. एवढी उंच आहे मेली, की टाचा उंचावून दोन्ही हातांनी ढकलावी लागते. कडी वर गेली की जागेवरून उठायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. दहा मिनिटांनी मी कडी काढली की वर्ग सुस्कारा टाकतो. मुलांनी त्याला नाव पाडलंय, बाईंची दहा मिनिटं.

पहिल्या बाकावर एक एवढीशी पोरगी आहे. मी तिला मुंगी म्हणते. मान खाली घालून एका रेषेत लिहीत जाते, मधे डोंगर आला तरी थांबायची नाही. तिची वही बघून आमचे काकासुद्धा खूश. काका म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. बाटल्या धुणं, सामान लावणं, आणि माझी चष्म्याची डबी शोधून देणं ही त्यांची कामं. ते म्हणतात, एवढी शांतता त्यांनी या खोलीत कधी ऐकली नव्हती. खरं सांगू? कधीकधी त्या शांततेची मलाच भीती वाटते. एवढं कसं ऐकतात रे माझं?

असो. तब्येत सांभाळ, आणि बहिणीची आठवण तुमच्या मेंदूच्या मशीनशिवाय येऊ दे.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आमच्या विभागात सगळ्यांना दाखवलं. इथे आम्ही माणसांना मशीनमध्ये आडवं करून आठवायला लावतो, आणि तू एका कडीवर काम भागवलंस! उगाच नाही आई म्हणत, की घरातली अक्कल तुझ्या वाट्याला आली आणि मला फक्त पदव्या.

आता पुढची पायरी. लिहून झालं की शेजाऱ्याशी ताडून बघायला लाव. दोघांचं पटलं की वर्गात बोलायचं, वर्गाचं पटलं की ते तू फळ्यावर लिहायचं. चूक झाली तर खोडरबर नको, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि तेच पुन्हा एका दिवसाने, तीन दिवसांनी, सात दिवसांनी आठवायला लावायचं. थोडं विसरायच्या बेताला आलं की परत ओढून काढायचं, की ते आणखी घट्ट बसतं. एक, तीन, सात. एवढं केलंस की पोरं ते जन्मात विसरायची नाहीत, मी लिहून देतो.

शांततेला घाबरतेस काय? मला तर हेवा वाटतो. माझं इथे कुणी ऐकत नाही, मशीनसुद्धा.

आईला माझा नमस्कार, आणि मी जेवतो म्हणून सांग.

तुझा,
धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर लागलं नाही तर समजून घे. काल शाळेत अपघात झाला. मी धडधाकट आहे, ते आधी वाच. आईला बाटली फुटली एवढंच सांगितलंय, तूही तेवढंच सांग.

काल सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कसल्याशा तक्त्यासाठी बोलावलं होतं. वर्गावर जायला पाच मिनिटं उशीर झाला. काकांनी मुलांना बसवून ठेवलं होतं. मी व्हरांड्यातून धावतपळत वर्गात शिरले, काका सामानाच्या खोलीत आवरायला गेले, आणि दहा मिनिटं सुरू झाली. सातेक मिनिटं झाली असतील नसतील, आत धाडकन आवाज झाला. गंजलेली लोखंडी फळी मोडली आणि अमोनियाच्या मोठ्या बाटल्या खाली आल्या. त्या खोलीचं एक दार मागच्या बाजूला आहे, दुसरं आमच्या वर्गातच उघडतं. अरे, तो वास म्हणजे वास नव्हे, कुणीतरी तोंडावर फटका मारावा तसं झालं. डोळे उघडेनात, श्वास घेतला की घसा चरचर कापत जायचा.

मुलं व्हरांड्याच्या दाराकडे पळाली आणि दार उघडेना. कडी वर होती. एकमेकांवर चेंगरत होती, दार बडवत होती, मला हाका मारत होती. आणि मी काय करत होते, तर डस्टरने खिडकीची काच फोडत होते! खिडकीला गज आहेत, हे मला रोज दिसतं. काका त्या वाफेतून धावत आले. मुलांच्या डोक्यांवरून हात लांब करून कडीला झोंबले. ती अडकली होती. तळहाताने ठोकून ठोकून त्यांनी ती खाली पाडली. बाहेर मैदानात मी मुलं मोजली. अठ्ठावीस. पुन्हा मोजली. अठ्ठावीसच.

काका परत आत गेले आणि मुंगीला उचलून घेऊन आले. तिचा बाक सामानाच्या खोलीला अगदी लागून. मान लटकत होती. आता ती दवाखान्यात आहे, घशात नळी घातलीये, डोळ्यांवर पट्टी आहे. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणतात. तिच्या आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मला तिच्या समोर उभंही राहवेना.

आज मुलांना चित्रकलेच्या खोलीत बसवलं. कुणी बोलेना, दोघं-तिघं दार वाजलं की दचकत होती. मला दुसरं काही सुचलं नाही, कोऱ्या वह्या काढायला लावल्या. म्हटलं, पोटात ठेवू नका, जे झालं ते वहीवर काढा. शिवाय चौकशी होणारच आहे, तेव्हा नीट आठवायला हवं. मग नेहमीसारखं शेजाऱ्याशी ताडून बघितलं, फळ्यावर लिहिलं. थोडी मोकळी झाली असं वाटलं. बरोबर केलं ना रे मी?

मुंगीसाठी तुला जे काही मागता येत असेल ते माग.

तुझी,
ताई

१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून हो-नाही एवढंच बोलले. मुंगीच्या घशातली नळी काढली, पण आवाज नाही. बोलायची सक्त मनाई आहे. डोळे वाचले म्हणतात. मी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते.

आता दुसरंच संकट उभं राहिलंय. संस्थेने समिती नेमली, दोन मेला ती बसणार. प्रश्न एकच, मुलांना आत कोंडून कडी कुणी लावली? आणि त्याचं उत्तर मुलांनी दिलंय. काकांनी. मला उशीर झाला होता ना, तर मुलं बाहेर पळू नयेत म्हणून त्यांनी कडी लावली आणि सामानाच्या खोलीत निघून गेले. मोठ्या बाईंनी एकेका मुलाला वेगळं बोलावून विचारलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांनी तेच सांगितलं, न अडखळता. त्या मला म्हणाल्या की एवढी पक्की साक्ष त्यांनी आयुष्यात ऐकली नाही. पक्की असणारच. मी एक, तीन, सात असं तिन्ही वेळा लिहून घेतलंय.

मलाही आता सगळं लख्ख दिसतं. मी सामानाच्या खोलीच्या मागच्या दाराने आत आले, तेव्हा व्हरांड्याचं दार लागलेलंच होतं, आणि त्याआधी मी खिडकीच्या काचेतून काकांचा हात कडीवर बघितला होता. रोज कडी मी लावते, पण मी आत असताना! मुलांना एकटं टाकून नाही. समितीला मी तसं लेखी दिलंय.

काकांना घरी बसवलंय. पोलिसांत द्यायचं का, ते समिती ठरवणार. मला त्यांचा राग यायला हवा, पण येत नाही, नुसती भीती वाटते. कशाची ते कळत नाही. परवा वर्गात मुलं लिहीत होती. मी फिरत फिरत वह्या बघत होते. अठ्ठावीस वह्यांत एकच वाक्य होतं. शब्दसुद्धा तेच.

तू शहाणा आहेस, मला सांग, मी घाबरट आहे की काय झालंय?

तुझी,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळाल्याबरोबर ते लिहून घेणं बंद कर. एकदासुद्धा पुन्हा लिहायला लावू नकोस, फळ्यावर काही असेल तर पूस. रागावू नकोस, मी तुझ्यावर ओरडत नाहीये. ओरडायचं असेल तर ते स्वतःवर.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आठवण कपाटातल्या भांड्यासारखी नसते, की काढली, बघितली आणि जशीच्या तशी ठेवली. बाहेर काढली की ती मऊ असते, आणि परत ठेवताना तेव्हा जे कानावर पडलं, जे फळ्यावर दिसलं, तेही तिला चिकटून आत जातं. धड्याच्या बाबतीत हेच तर आपल्याला हवं असतं. मूल चुकलं, फळ्यावर बरोबर आलं, बरोबर ते आत गेलं. पण इथे बरोबर काय ते कुणालाच माहीत नव्हतं, ताई! घाबरलेली पोरं होती, घाबरलेली तू होतीस. कुणीतरी एकाने काहीतरी म्हटलं, ते फळ्यावर चढलं, आणि तू ते माझ्या वेळापत्रकाने तीनदा पक्कं करून घेतलंस. आम्ही ज्याला उत्तम शिकवणं म्हणतो, तेच सगळं तू केलंस.

मोठ्या बाईंना जे पक्कं वाटतं, त्याचीच मला धडकी भरते. अठ्ठावीस जणांनी एकच गोष्ट बघितली, तर ती अठ्ठावीस तऱ्हांनी सांगितली जाते. शब्द तेच आले, म्हणजे ते एकाच फळ्यावरून आलेत. आणि तुला लख्ख दिसतं याचाही काही उपयोग नाही गं. खोटी आठवण धूसर असते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मी इथे रोज बघतो, माणसं न घडलेल्या गोष्टी रंगांसकट सांगतात आणि शपथा घेतात.

काकांनी कडी लावली नाही असं मी म्हणत नाही. लावलीही असेल. पण ते कुणाला माहीत असायला हवं, तर पहिल्या दिवशीच्या वह्यांना, शेजाऱ्याशी ताडून बघण्याआधीच्या. रेघ मारलेलं वाच, रेघेच्या खालचं.

मला झोप येत नाही. इतकी वर्षं हा धंदा केला, पण त्यात कुणाची भाकरी जाईल असं कधी मनात आलं नव्हतं. लवकर लिही.

तुझा,
धाकटा

२४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाचल्या. काल दुपारी शिक्षकखोलीत कुणी नव्हतं, तेव्हा सगळ्या वह्या मांडल्या आणि पहिल्या दिवसाचं पान काढत गेले. ताडून बघण्याआधी एकाही वहीत काकांनी कडी लावली असं लिहिलेलं नाही. एकाही नाही! वास आला, डोळे झोंबले, बाई काच फोडत होत्या, कडी वर होती, माझा बूट राहिला, असलंच सगळं. फक्त दोघांनी काकांचा हात कडीवर होता असं लिहिलंय. अरे, असणारच ना तो कडीवर, ते ती काढत होते! त्यातल्या एकाच्या ओळीवर रेघ आहे आणि वर शेजाऱ्याच्या अक्षरात दुरुस्ती आहे, काकांनी कडी लावली. आणि तीच दुरुस्ती मी माझ्या हाताने फळ्यावर लिहिली, छान गोल अक्षरात, खाली रेघ मारून.

मी तशीच उठून काकांच्या घरी गेले. एक खोली, खिडकीत धुतलेल्या बाटल्यांत लावलेली रोपं. उजव्या तळहाताला अजून पट्टी. बायकोने मला पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. मी काकांना म्हटलं, तुम्ही कडी लावली नाही असं मला वाटायला लागलंय. त्यावर ते काय म्हणाले असतील? म्हणाले, मीच लावली असेल, बाई. एवढी लेकरं खोटं कशाला सांगतील? सुरुवातीला त्यांना आठवत नव्हतं, पण सगळेच सांगतात म्हटल्यावर विचार कर करून आता थोडं थोडं आठवायला लागलंय. कडीचा गारठा हाताला लागल्याचंही आठवतं म्हणाले. ते उलट माझीच समजूत घालत होते. मुंगी कशी आहे विचारलं आणि तोंड फिरवून बसले.

मी तिथून कशी निघाले ते मला सांगता येणार नाही. एका माणसाने आमची अठ्ठावीस मुलं बाहेर काढली, परत जाऊन एकोणतिसावी आणली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलं की गुन्हेगार तोच.

पण मग कडी लावली कुणी? मी डोळे मिटते आणि मला त्यांचाच हात दिसतो. ढकलून लावला तरी जात नाही. त्याच्या मागे काय आहे, ते बघायची मला भीती वाटते. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय? तूच काहीतरी सांग. मी कुणाला विचारू?

तुझी,
ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं आठ एप्रिलचं पत्र माझ्याजवळ आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचं, मुलांच्या पहिल्या पानाएवढंच ताजं. त्यातली एक ओळ उतरवतो. "मी व्हरांड्यातून धावतपळत वर्गात शिरले, काका सामानाच्या खोलीत आवरायला गेले, आणि दहा मिनिटं सुरू झाली."

व्हरांड्यातून, ताई. सामानाच्या खोलीकडून नाही. तू आलीस तेव्हा ते दार उघडं होतं. त्यानंतर काका आत गेले, ते बाटल्या फुटल्यावरच बाहेर आले. मधे वर्गात मोठं माणूस एकच होतं.

ही ओळ मला चार दिवसांपूर्वी सापडली. तुझं पत्र यायच्या आधीच. चार दिवस मी ती खिशात घेऊन फिरतोय, आणि माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तुला सांगितलंच पाहिजे. हे पत्र मी फाडून टाकलं तर कुणाला कळणार आहे? मुलं पक्की आहेत, काका स्वतःच कबूल होतायत, तुलाही आठवत नाही. तुझी नोकरी राहील. आईचं औषधपाणी, तुझी पंचवीस वर्षं, सगळं राहील. दार लावून घे असं तुला लिहिणारा मी आहे, आणि मला कुणी विचारायलासुद्धा येणार नाही. मी घाबरलोय, ताई. तुला पोलीस घेऊन जातायत असं दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर येतं.

पण फाडवलं नाही. सोबत पाठवतोय, मूळ पत्रच. झेरॉक्स ठेवलेली नाही, मुद्दाम. त्याचं काय करायचं ते तू ठरव. तू काहीही ठरवलंस तरी मी तुझा भाऊच आहे, आणि दोन मेला मी गाडीत बसून येतोय, नको म्हणू नकोस.

तुझा,
धाकटा

५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू काल गेलास आणि घर रिकामं झालं. समितीच्या खोलीबाहेर तू त्या मोडक्या खुर्चीवर पाच तास बसून होतास, म्हणून मी आत उभी राहू शकले. तुझ्यासमोर हे बोलवलं नाही, म्हणून लिहिते.

आत काय झालं ते तुला तुटक सांगितलं होतं. पत्र मी टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, कडी मी लावली. अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला लावल्याचं आठवतं का? मी म्हटलं, नाही. मला आजही काकांचा हातच दिसतो. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मी म्हाताऱ्या माणसाला वाचवायला खोटं बोलतेय. खरं सांगायला गेले तर आठवण माझ्या विरुद्ध साक्ष देत होती! मग वह्या दाखवल्या, पहिलं पान, रेघा, तारखा. दोन तास लागले. शेवटी काकांना आत बोलावलं आणि सांगितलं की कडी तुम्ही लावली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, खरंच नव्हती? आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिले. अजून त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही. सोमवारपासून ते कामावर येतील.

मला शाळेत जायची मनाई आहे. पुढचं महिनाभरात ठरेल. मुलांना मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं, पण मुलं ऐकत नाहीत म्हणे. तीन-चार जण रडले, की आम्ही खोटं बोलत नाही, आम्हाला चांगलं आठवतंय. ते आता कुणाच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच. आईला मी सगळं सांगितलं. तिने माझ्या केसांना तेल लावलं.

आज सकाळी मी दवाखान्याचं फाटक ओलांडलं. तुला सांगते, समितीपुढे जाताना मला एवढी भीती वाटली नव्हती. मुंगीच्या आईला आधी बाहेर सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिलाही सांगा, आणि दार उघडून दिलं.

ती उशीला टेकून बसली होती. डोळे लाल आहेत, पण बघते नीट. डॉक्टरांनी दिवसातून मोजकंच, तेही अगदी हळू बोलायची परवानगी दिलीये. मी तिला म्हटलं की त्या दिवशी कडी मी लावली होती, आणि त्याबद्दल मला तिची माफी मागायची आहे. तिला आश्चर्यच वाटलं. माफी कशाची हेच तिला कळेना. कडी बाईच लावतात, रोजच लावतात, त्या दिवशीही टाचा उंचावून लावली, असं ती म्हणाली. वर्गात जे तीनदा लिहून झालं, तेव्हा ती नव्हती ना. तिच्याजवळ ते जसं होतं तसंच राहिलंय.

मग तिने मला खाली वाकायला सांगितलं. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते तिने इतके दिवस मनात धरून ठेवलं होतं. ती म्हणाली की बाकीचे सगळे कडी वर असताना उठून पळाले, ती उठली नव्हती. ती जागेवरच बसून होती, बाई कडी काढतील मग उठायचं म्हणून. काकांनी उचललं, तिने नाही सांगितलं त्यांना उचलायला. बाई रागावल्या तर नाहीत ना?

मी तिला नाही रागावले म्हणून सांगितलं. तिने ते मला दोनदा म्हणायला लावलं आणि मग डोळे मिटले.

धाकट्या, मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. एवढं मात्र रोज आठवेल. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, आज हे मुद्दाम मागते आहे.

तुझी,
ताई